पहाट काही सोडवेना

माझी नोकरी लोकांना विचारण्याची आहे. वस्तीतलं पाणी खराब असो की हवा, उपाय ठरवण्याआधी तिथल्या माणसांना विचारा, असं मी करोल बागेपासून गुरुग्रामपर्यंत सगळ्यांना ऐकवत फिरते. त्याचाच पगार घेते.

गेल्या दिवाळीत दिल्लीच्या धुरामुळे समोरचा ब्लॉकसुद्धा दिसेना. आर. के. पुरममधल्या आमच्या मराठी मंडळाची दिवाळी पहाट दर वर्षी हिरवळीवर होते आणि सुरुवात माझ्या सासूबाईंच्या भूपाळीने. नवरात्रापासूनच त्या पेटी काढून बसल्या होत्या. आम्ही कमिटीतल्या चार-पाच जणांनी एका संध्याकाळी फोनवरच ठरवून टाकलं, की साठीपुढच्यांनी घरी थांबावं आणि मोबाइलवर बघावं.

"चलो, फायनल. तब्येत आधी, यार," असं मीच म्हटलं. शेजारच्या खोलीत पेटी वाजत होती, ती मध्येच थांबली. बरं झालं, आता नीट ऐकू येईल, एवढंच माझ्या मनात आलं.

ग्रुपवर मेसेज गेला. ज्येष्ठांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली आणि मी शहाणी त्यालाच होकार समजले.

पहाटे आम्ही ठसकत ठसकत कार्यक्रम उरकला. फोटोपुरते मास्क काढले.

दुपारी गच्चीवरून पेटी ऐकू आली म्हणून वर गेले. उन्हात सतरंजी अंथरून ब्लॉकमधली म्हातारी मंडळी बसली होती आणि नवी साडी नेसलेल्या सासूबाई भर दुपारी भूपाळी म्हणत होत्या. मला बघून त्या थांबल्या.

"आई, अहो, या हवेत?"

"अगं, दुपारी धूर जरा विरतो. आम्ही सगळे हल्ली फिरायलाही याच वेळेला येतो. सकाळी बिल्कुल नाही."

दिवाळी पहाट म्हणजे पहाटेच, यापलीकडे आमची अक्कल धावलीच नव्हती. वेळ बदलायची सोडून आम्ही माणसंच गाळली होती.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. तेही वर तोंड करून.

त्यांनी पेटीचा भाता सैल केला. आवाजात राग नव्हता.

"तुझं फोनवरचं बोलणं ऐकलं ना मी. म्हणून तर पेटी थांबवली होती. वाटलं, आत येऊन विचारशील."