दोन तासांचे शनिवार

भिंतीला कान लावायची मला गरजच पडली नाही. आमची भिंत एकच, तीही साडेचार इंची. पलीकडं यादव आणि त्याची बायको प्रतिभा भांडत होती, अलीकडं मी तांदूळ निवडत होते.

"वेदिका कितवीला हाय, सांगा," प्रतिभा म्हणाली.

"हे काय विचारणं झालं?"

"सांगा तर."

"पहिलीला."

"जूनमध्येच दुसरीला गेली. पुस्तकं तुम्हीच आणली व्हती."

"मग तू हायस ना ध्यानात ठेवायला. मी पहाटे चारला फुलं घेऊन निघतो, ते काय हौस म्हणून?"

"झेंडूला रोज बघता. पोरांना झोपेतच बघता."

त्यावर यादव चपला घालून बाहेर गेला, म्हणजे भांडण प्रतिभानं जिंकलं. मला तिचं पटलं होतं. पण यादवचंही खोटं नव्हतं. फुलबाजार पहाटेच भरतो, उशिरा नेलेला झेंडू कोणी विचारत नाही.

वर्षभरानं प्रतिभा डेंग्यूनं गेली. पाच दिवसांत. वेदिका आठ वर्षांची, रुद्र चारचा. तेरावं झालं तशी प्रतिभाची आई नवसाबाई म्हणाली, "दिवाळीपर्यंत नेते दोघांना, यादवराव. तुम्ही जरा सावरा." यादवनं पोरांचे कपडे स्वतः भरून दिले. त्याला भात लावता येत नव्हता, दोन पोरं काय सांभाळणार.

दिवाळीत आणायला गेला तर सासरे चिमाजी म्हणाले, "नाशिकरोडच्या शाळेत नाव घातलंय. आन पहाटे चारला तुम्ही बाजारात, तवा घरात कोण? कुलूप?"

यादव तसाच परत आला. पुढं दोनतीनदा गेला, दरवेळी तोच प्रश्न. शेवटी वकील केला.

केस चालू असतानाच अधिक महिना आला, तीन वर्षांनी येणारा, जावयाला जेवायला बोलावून वाण द्यायचा. नवसाबाईचा फोन आला. लेक नाही म्हणून जावई परका होतो का, म्हणाली. यादव माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"लंकाकाकू, वकील म्हणतो कोर्टाबाहेर जाणंयेणं नको."

मी शहाणी. म्हटलं, "जेवायला जायचं तर वकिलाला कशाला विचारतो? नाय म्हणालास तर त्या माउलीला किती लागेल. आन पोरं दिसतील."

गेला. पुरणाचे धोंडे खाल्ले, तेहतीस अनारसे, टॉवेल-टोपी, कपाळाला गंध, सगळं रीतसर झालं. मेहुणा वाल्मीक फोटो काढून स्टेटसला टाकून मोकळा झाला. पुढच्या तारखेला तोच फोटो त्यांच्या वकिलानं कोर्टात दाखवला. पोरं आजोळी सुखात आहेत हे बापाला मान्य आहे, मानपान घेऊन हसत घरी गेला, म्हणे.

"काकू, मी हसत नव्हतो," यादवनं मला सांगितलं. "रुद्र माझ्या तोंडात अनारसा कोंबत व्हता."

जा म्हणणारी मी होते. त्यानं त्याबद्दल एक शब्द काढला नाही, तेच मला जास्त लागलं.

त्याच तारखेला त्यांच्या वकिलानं यादवला विचारलं होतं, मुलीच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय. यादव उभा राहिला, तसाच उभा राहिला. नाव आलं नाही.

त्यानंतर त्यानं फुलांचा मळा चुलतभावाला वाट्यानं दिला आणि अंबडला एका कंपनीत लागला. नऊ ते साडेपाच. मातीत वाढलेला माणूस पंख्याखाली बसून पार्ट तपासायला लागला. पहिला महिनाभर घरी आला की बूट न काढता खाटेवर बसून राहायचा. मी भाजी नेऊन द्यायची, तो पातेलं घासून परत आणून द्यायचा. बोलणं एवढंच.

कोर्टानं महिन्यातले दोन शनिवार दिले. पहिला आणि तिसरा, अकरा ते एक, कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत. नवसाबाई पोरांना आणायची आणि बाहेर बाकावर बसून राहायची. पहिल्या शनिवारी रुद्रनं आजीचा पदर सोडलाच नाही. मग दोन तास यादवसकट चौघंही बाहेर बाकावरच बसले.

पुढं पुढं जमलं. मी न विचारताच यादव मला सांगायला लागला, गणिताला साधना मॅडम आहेत, रुद्रला भोपळा चालत नाही, वेदिकाला चष्मा लागलाय. लोक म्हणायचे, दुसरं लग्न कर, घरात बाई दिसली की काम होईल. मीही एकदा म्हणाले.

"पोरांसाठी बायको आणायची," तो म्हणाला, "मग तिच्यासाठी काय आणायचं?"

मी तांदूळ निवडायला घेतले.

शाळा सुटल्यावर पोरं माझ्याकडं राहतील, हे सांगायला मलाही कोर्टात नेलं. जजमॅडमनी वय विचारलं. म्हटलं, "आधारवर अडुसष्ट हाय. खरं आईला ठाऊक, ती गेली." सगळे हसले. यादव नाही हसला. तीन वर्षांत त्या इमारतीत त्याला हसताना मी पाहिलं नाही.

मॅडमनी पोरांना आत एकटं बोलावून विचारलं. मग निकाल आला. मुलांची इच्छा बघून, परीक्षा संपली की मुलं बापाकडं. शनिवार आता नवसाबाईच्या वाट्याला. मी पेढे आणू का म्हटलं, तर यादव म्हणाला, "आणा. पण मला आधी झोपू द्या."

परीक्षेआधीचा एक शनिवार उरला होता. मीही गेले. बाकावर नवसाबाई वेदिकाला विचारत होती, "आत काय बोललीस गं तू?" पोर खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागली. ती बांधलेलीच होती. नवसाबाईनं मग विचारलं नाही, नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आत खोलीत यादवनं डबा उघडला. तिघं जेवले. रुद्रकडून बारापर्यंतचे पाढे म्हणून घेतले. एकला पाच कमी असताना तो उठला.

"पप्पा, आजच घरी चला ना," रुद्र म्हणाला.

"सोमवारी पेपर हाय. पुस्तकं आजीकडं हायत."

तिथली क्लार्क बाई म्हणाली, "आता तुमच्याच बाजूनं झालंय हो. बसा अजून अर्धा तास."

"एकला सोडायचं लिहिलंय, मॅडम," यादव म्हणाला.

त्यानं रुद्रचं तोंड रुमालानं पुसलं, दोघांना बाहेर नेऊन नवसाबाईच्या हवाली केलं, तिला वाकून नमस्कार केला. मग आत येऊन रजिस्टरमध्ये सही केली आणि शेजारी वेळ लिहिली, एक.