वाघाने दिलेली सुट्टी

गेल्या दिवाळीनंतर आमच्या शाळेला एक दिवसाची सुट्टी वाघाने दिली.

मंजुरी अर्थात केंद्रप्रमुख साहेबांची होती. पण पहाटे शाळेच्या हातपंपाजवळ येऊन बसण्याचे कष्ट वाघाने घेतले, हे मान्य केले पाहिजे. सकाळी सातला ग्रुपवर संदेश आला : ‘शाळा बंद ठेवावी.’ मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर आणि पहिला पगारदार. न मागता मिळालेली सुट्टी कशी घ्यायची, हे मला कुणी शिकवलेलेच नाही! मी सवयीने आंघोळ केली, भांग पाडला आणि खाटेवर ताठ बसलो.

“अवो, परीक्षेले बसले का?” बायको म्हणाली. “झोपा ना जरासे!”

आडवा झालो तोच दुसरा संदेश : ‘शाळा बंद असल्याचा फोटो शाळेच्या आवारातूनच अकराच्या आत अॅपवर टाकावा. अन्यथा शिक्षकास नोटीस.’ (म्हणजे वाघ आहे म्हणून जायचे नाही, आणि गेलो नाही याचा पुरावा द्यायला जायचे!)

“नोटीस म्हंजे नोकरी जाते का?” बाबांनी विचारले.

“नाई बाबा, पण...”

“पणबिण काई नाई! साऱ्या खानदानात एक सरकारी नोकरी. थांब, मी बी येतो.”

बाबा धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, जाताना डोक्याच्या मागे मुखवटा बांधतात. वाघ पाठीमागून येतो, आणि तिकडेही माणसाचे तोंड दिसले तर बिचकतो, असा हिशेब. तो मुखवटा त्यांनी बांधला, काठी घेतली आणि मागून हल्ला नको म्हणून माझ्या मोटारसायकलवर उलटे बसले. त्यामुळे बाबा मागचा रस्ता पाहत होते आणि मुखवटा माझ्या खांद्यावरून पुढचा. समोरून येणाऱ्या एका सायकलवाल्याने आम्हाला बघताच सायकल सरळ बांधीत घातली.

शाळेपाशी वनरक्षक भाऊ भेटले. “वाघ आठलेच जंगलात गेला, सर. पब्लिक काई जाऊन नाई राह्यली!”

पब्लिक म्हणजे माझा अख्खा पट! बावीसच्या बावीस. पोळ्यापासून तोंड न दाखवलेली पायलसुद्धा.

“पायल, इतके दिवस कुठी होती?”

“घरीच, सर.”

“मग आज काऊन आली?”

“आज सुट्टी हाये ना, सर!”

पावणेअकरा झाले होते. मी कुलूप लावलेल्या दारासमोर मोबाइल उचलला. उचलताक्षणी पोरे धावत आली आणि उंचीप्रमाणे दोन रांगांत उभी राहिली. हे पाप माझेच. खिचडीचा फोटो रोज वर पाठवावा लागतो, म्हणून मोबाइल वर गेला की रांग करायची, हे मी त्यांना शिकवले आहे. (पाढे सतरावर अडतात, पण रांग पक्की!)

“बाजूले व्हा!” मी ओरडलो. पोरे बाजूला झाली, एक हात अंतर ठेवून, रांगेत. मी मोबाइल शाळेच्या पाटीकडे वळवला. रांग पाटीखाली!

“हटा रे पोट्ट्याहो!” म्हणत बाबा काठी घेऊन मधे घुसले. दहा अठ्ठावन्न! नेटवर्क फक्त झेंड्याच्या खांबापाशी येते. तिथूनच डोळे मिटून बटण दाबले. फोटो गेला.

दोन मिनिटांत साहेबांचा फोन.

“सर, शाळा बंद हाये म्हणता?”

“हो साहेब.”

“मंग हे पोरं?”

“ते सुट्टीवर आहेत, साहेब.”

“आन मधात काठी घेऊन कोण उभा हाये?”

“माझे वडील, साहेब.”

“तोंड असं काऊन हाये त्यांचं?”

“ते तोंड नाही, साहेब. ती त्यांची पाठीमागची बाजू आहे.”

फोन बंद झाला. आठवड्याभरात नोटीस आलीच. तीत लिहिले होते : ‘वाघ आला त्या दिवशी पटावरील सर्व विद्यार्थी हजर, आपण येता त्या दिवशी निम्मे. कारणे दाखवा.’

“काय लिहून हाये?” बाबांनी काळजीने विचारले.

“माझी आणि वाघाची तुलना केली आहे, बाबा.”

“मंग चांगलंच हाये की!”

तीन दिवस कागद फाडून शेवटी खरे तेच लिहिले : ‘सविनय सादर, की वाघ विद्यार्थ्यांना शिकवत नाही.’

माझ्या आजवरच्या नोकरीत इतका सहज मान्य झालेला खुलासा दुसरा नाही.