मॅडमची मुलं

"राग येणार न्हाय न्हवं, सर?" अस्लमनं उभं राहून विचारलं.

"अरे, मोकळेपणानं बोल," मी म्हणालो. मला कौतुकच ऐकायला मिळणार होतं, निदान माझा तसा समज होता.

आमच्या नववी ब ला गणिताच्या तासाला दोन शिक्षक असतात. याला को-टीचिंग म्हणतात. मी गणिताचा. हिरेमठ मॅडम विशेष शिक्षिका. शिकताना अडचण येणाऱ्या मुलांना सगळ्यांबरोबर त्याच वर्गात शिकता यावं, म्हणून त्या असतात. आमच्या निकिताला वाचताना आकडे उलटसुलट होतात. आदल्या दिवशी तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले होते. कारण विचारलं तर "तिलाच नको वाटतंय" एवढंच म्हणाले. म्हणून हेडबाई आम्हा दोघांसमोर वर्गाचं मत विचारत होत्या. चूक मॅडमच्या पद्धतीत निघणार, अशी माझी पक्की खात्री. घरी बायकोला तसं सांगूनही आलो होतो.

"मॅडम लई भारी हायत," अस्लम म्हणाला. "पण सर त्यास्नी शिकवू देत न्हाईत की."

"मी?"

"अवघड गणित आलं की तुमी म्हणता, 'मॅडमची मुलं मॅडमकडं सरका.' मग निकिता बेंच वडत मागं जाती. सगळी वळून बघतेत. मलाबी ती गणितं येत न्हाईत, सर. पण गेलो तर मीबी मॅडमचा होईन. म्हणून गप बसतो."

वर्ग हसला. मीही हसायला गेलो, पण जमलं नाही. मला वाटायचं, मी मॅडमना मान देतोय.

निकिता खाली बघतच म्हणाली, "हजेरीला माझं नाव तुमीच घेता की, सर. मग मी एकट्या मॅडमची कशी?"

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. तेवढी दया त्यांनी केली.

सोमवारपासून मॅडम फळ्यापाशी शिकवू लागल्या आणि मी बाकांमधून फिरू लागलो. दोन दिवस मला कुणी काही विचारेना. लग्नात ज्याला जेवायला कुणी बसा म्हणत नाही, त्या पाहुण्यासारखा मी हिंडत होतो. तिसऱ्या दिवशी अस्लमनं हाक मारली. निकितानं अजून मारलेली नाही. दाखला मात्र तिनं सहामाहीपर्यंत थांबवलाय.

आता तासाआधी स्टाफरूममध्ये बसून आम्ही कामाची वाटणी करतो. मुलांची वाटणी करायची नसते, हे कळायला मला नोकरीची वीस वर्षं आणि अस्लम लागला.