पणतीचं बारसं अन् येऊन राहिलेलं फाय जी

बायांनो, आज पुण्यात माझ्या पणतीचं बारसं झालं! पोर लई गोड हाय, नाक तेवढं आमच्याकडलं आलंय.

माझे गुडघे धरलेत, म्हणून लातुरातच राहिले. नाव ठेवायचा मान आत्याचा, पण नातसून म्हणली, "आजी, व्हिडिओ कॉल लावून फोन बाळाजवळ धरते, नाव तुम्हीच सांगा." घरात बसूनच नवं लुगडं नेसले.

"कुर्रऽऽ गिरिजा" म्हणलं, अन् फोनमधी सगळे पुतळ्यावानी थिजले. परत फोन लागला तवर तिकडं पेढे वाटून झालते. नातसून म्हणली, "आजी, नुसतं कुर्र ऐकू आलं. मग आत्यानंच नाव सांगितलं."

ह्या दिवसासाठीच तर नवा फोन घेतलता. दुकानदार तवा म्हणला, "फाय जी येऊनच राहिलंय आजी, नेट नुसतं पळतंय बघा." आज विचारलं तर परत तेच! म्हणलं, "बाबा, नुसतं जी जी करतूस, येतंय कुठं?"

तुमच्या गल्लीत आलं का गं ते? माझं कुर्र तेवढं पुण्याला पोचलं. नाव अजून लातुरातच हाय.