आईने वाचून दाखवलेलं

आई गेल्यावर काही महिन्यांनी तिचा आवाज मला आमच्या लिफ्टमध्ये ऐकू आला.

सिंगापूरला मरीन परेडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहतं. मुलगी चांगी बिझनेस पार्कमध्ये नोकरी करते. तिचे वडील नाशिकहून राहायला आले होते. लिफ्टमध्ये ते एकटेच, मोबाइल कानाजवळ धरून उभे होते.

"ही सुई म्हणजे औषध नव्हे, विष आहे..."

तोच सावकाश, स्वल्पविरामाला थांबणारा आवाज. मागे आमच्या बाल्कनीसमोरचा कोकीळ ओरडत होता. माझा मजला आला, दार उघडलं, मिटलं. मी आतच राहिले.

"पुण्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत," काका म्हणाले. "आमच्या ग्रुपवर आलंय."

आई डॉक्टर नव्हती. शाळेत मराठी शिकवायची. तिच्या एका मैत्रिणीची दृष्टी गेली होती. माझ्याकडे आली की आई रोज सकाळी बाल्कनीत बसून तिच्यासाठी काहीबाही वाचून रेकॉर्ड करायची. अग्रलेख, पाककृती, लग्नपत्रिका, आणि मैत्रिणीला मोबाइलवर आलेलं काहीही. "काय वाचायचं ते तिने ठरवायचं," ती म्हणायची, "मी फक्त डोळे." वाचताना मात्र जीव ओतायची, मजकूर कसलाही असो.

त्यातलंच एक वाचन कुणीतरी मागचं-पुढचं कापून ग्रुपवर सोडून दिलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आई आता कुठल्या कुठल्या घरांत शिरून, कुणाकुणाच्या उशाशी बसून हे सांगत असेल?

रविवारी ती मुलगी मला वर घेऊन गेली. "ताई, तुम्ही तरी समजवा बाबांना. गेल्या वर्षी न्यूमोनियातून कसेबसे उठले. डॉक्टर म्हणतात, फ्लूची लस घ्याच. उद्या जायचंय आणि हे हटून बसलेत."

"आजोबा, दॅट वन फेक लाह!" सोफ्यावरून नात म्हणाली.

"तू गप गं. खोट्या माणसाचा आवाज असा असतो होय?"

त्यांचं बरोबर होतं. त्या आवाजात खोटेपणा नव्हता.

"काका, ती माझी आई आहे."

त्यांनी माझ्याकडे कणवेने पाहिलं. "होतं असं. आमची ही गेली, तेव्हा मला दारावर आलेल्या प्रत्येक बाईचा आवाज तिचाच वाटायचा."

मी खाली येऊन आईचा मोबाइल घेतला. ती गेल्यापासून मी तो चार्ज करत होते, उघडत नव्हते. तिचा आवाज ऐकून संपेल, अशी काहीतरी भीती होती. वर जाऊन तो टेबलावर ठेवला आणि ते रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं.

"ऐक गं, तुझ्या भाचीने पाठवलेलं वाचते." मग कोकीळ. मग ते विष, शब्दन् शब्द तसंच. काकांच्या मोबाइलवर जिथे ते संपत होतं तिथे ते संपलं. क्षणभर नुसता पंख्याचा आवाज. चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज.

"झालं वाचून. आता माझं ऐक. हा सगळा मूर्खपणा आहे. मी घेतली लस, दोन दिवस हात दुखला, तिसऱ्या दिवशी पुरणपोळ्या लाटल्या. उद्या मुकाट्याने जाऊन घे. आणि गेले होते म्हणून मला थापा मारू नकोस, मला कळतं."

काका मोबाइलकडे बघत होते. त्यांनी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं, मास्तरांसमोर उभं राहिल्यासारखं.

"बरं बाई," ते हळूच म्हणाले. "घेतो उद्या."

"हू इज ही टॉकिंग टू?" नातीने तिच्या आईला विचारलं.

मोबाइलचा पडदा काळा झाला तरी काका थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मुलीला विचारलं, सकाळी किती वाजता निघायचं.