देवीनं परत केलेलं मंगळसूत्र

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. लातूरकडून लग्न होऊन मी पिंपरीला आले तेव्हा आईनं सांगितलं होतं, रोज भवानीचं नाव घे, ती बघून घेईल. मी नाव घेत राहिले आणि नवऱ्याचा मार खात राहिले. चाकणच्या कंपनीत पॅकिंगला लागले, तर पगाराचं कार्ड त्याच्या पाकिटात गेलं. शेवटी एका सकाळी लेकीचा हात धरून घर सोडलं. रहाटणीजवळच्या एका संस्थेनं आम्हा दोघींना निवाऱ्यात जागा दिली. तिथल्या भिंतीवर देवीची तसबीर होती, तिच्याकडं मी पाठ करून झोपायचे. म्हटलं, बाई, तू बघून घेतलंस तेवढं पुरे झालं.

निवाऱ्यात दर शनिवारी पैशांचा वर्ग भरायचा. बँकेतून निवृत्त झालेल्या एक ताई शिकवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्या पगारातलं किती तुम्ही स्वतःच्या मर्जीनं खर्च करता?" आम्ही सगळ्याजणी हसलो, रडण्यापेक्षा ते बरं होतं. ताईंबरोबर जाऊन मी जुनं कार्ड बंद केलं, खात्याला माझा मोबाइल नंबर जोडला आणि पगार पहिल्यांदा माझ्यापाशी थांबला. पण निवाऱ्यातली आमची मुदत महिनाअखेर संपत होती. कुरुळीत, कंपनीपासून जवळ, एक खोली मिळत होती. तिचं डिपॉझिट पगारातून निघणारं नव्हतं. खोली गेली असती तर लेकीला वसतिगृहात ठेवायचं, नाहीतर दोघींनी त्याच्याकडं परत जायचं. मला याखेरीज काही दिसत नव्हतं.

ताईंना दिसत होतं. माझ्या पिशवीत रुमालात बांधलेलं मंगळसूत्र होतं, चांगलं वजनदार. "हे तुझं स्त्रीधन आहे. मोड आणि खोली घे," त्या म्हणाल्या. मी चिडले. त्यांचं म्हणणं डोक्याला पटत होतं, पण नवरा हयात असताना मंगळसूत्र मोडणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं, हे लहानपणापासून मनात इतकं मुरलेलं, की हात धजेना. मला तो नको होता, तसं त्याचं वाईट चिंतल्याचं पापही नको होतं. गळ्यात घालवेना, विकवेना. मग मी माझंच डोकं चालवलं. मंगळसूत्र देवीच्या दानपेटीत टाकायचं, म्हणजे पापही नाही आणि ते डोळ्यांसमोरही नाही. डिपॉझिटचं काय, हा प्रश्न मी देवीवरच ढकलला, तोही रागानं.

सुट्टीच्या दिवशी चऱ्होलीला गेले. नव्या इमारतींच्या मधे गावाचं जुनं देऊळ आहे. आत गुरवांच्या घरातल्या एक म्हाताऱ्या आजी समया पुसत होत्या. मी पेटीशी गेले, तशा त्या म्हणाल्या, "थांब गं. काय टाकतीस त्यात?"

मी रुमाल उघडून दाखवला. "देवीला वाहायचंय."

"नवरा गेला व्हय?"

"नाही. मी गेले."

आजींनी हातातली समई खाली ठेवली. माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "आन् पोरीला कुठं ठिवलीस?" लेकीचा विषय मी काढलाच नव्हता. माझ्या वयाच्या बाईला पोर असणार, एवढाच त्यांचा अंदाज असेल. मी त्याचा कीस काढत नाही. पण त्या एका प्रश्नानं माझा सगळा ताठा गेला आणि मी तिथंच खांबाला टेकून रडले. आजींनी मंगळसूत्र घेतलं, गाभाऱ्यात देवीच्या पायांशी ठेवलं, त्याला हळद-कुंकू लावलं. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "वढनी पसर." आणि नारळाबरोबर ते माझ्या ओटीत घातलं.

"आजी, मी वाहिलंय ते," मी म्हणाले.

"तू दिलंस, तिनं घेतलं. आता ती तुला देती. ह्ये आता त्याचं न्हाई, परसाद हाय. परसाद लेकराच्या तोंडी लावायचा आसतो, पेटीत कोंडायचा न्हाई."

दुसऱ्याच दिवशी ताईंना घेऊन सराफाकडं गेले. त्यांनी शिकवलं होतं तसं दोन दुकानांत वजन करून घेतलं, पावती माझ्या नावाची, पैसे माझ्या खात्यात. डिपॉझिट बँकेतूनच दिलं आणि भाडेकरारावर मी माझी सही केली. पुढं लेकीला घेऊन देवीला साडी नेसवायला गेले, तर आजींनी मला ओळखलंसुद्धा नाही. "लई बायका येत्यात बया, कुनाकुनाला ध्यानात ठिवू?" असं म्हणून त्यांनी लेकीच्या हातावर साखर ठेवली. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

शरण जाणं म्हणजे सगळं देऊन टाकणं, असं मी समजत होते. ते तर मी लग्नापासून करतच आले होते. पगार दिला, झोप दिली, तोंडातला शब्दसुद्धा दिला, आणि ज्याला दिलं त्यानं यातलं काहीच कधी परत केलं नाही. आता शिफ्टवरून आले की आमच्या खोलीत दिवा लावते. लेक शेजारी बसून अभ्यास करते. मी हात जोडते, पण मागत काही नाही. सगळं पुढ्यात ठेवल्यावर जिनं ते माझ्याच ओटीत परत घातलं, अशी मला आयुष्यात ती एकच भेटली.