म्हाताऱ्या कोंबड्यांचं अंथरूण

साखर कारखान्यातून निवृत्त झालो त्या वर्षी मी चार कोंबड्या पाळल्या. त्यांपैकी तीन उरल्या आणि तिन्ही म्हाताऱ्या झाल्या. अंडी घालणं कधीच बंद पडलं होतं. शहागडला आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्यांच्याकडे बघत मसाला वाटायला घ्या म्हणायचा. मी हसायचो, पण आतून भडकायचो. काम थांबलं म्हणून कापायचं, तर निवृत्त माणसांचं काय करायचं, असं एकाला मी विचारलंही. तो पुन्हा जेवायला आला नाही.

गेल्या हिवाळ्यात तिघींतली तांबडी चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागली. मान लांब करायची आणि छातीतून घरघर यायची. तिला थंडी बाधली, असं मी धरून चाललो. खुराड्याला पोतं लावलं, कोमट पाणी पाजलं, आणि मुख्य म्हणजे खाली भुसा वाढवला. ऊस पिळून उरतो तो भुसा. माझी सगळी नोकरी त्याच्याच ढिगांशेजारी गेली, त्यामुळं याच्याइतकं ऊबदार अंथरूण दुसरं नाही, अशी माझी ठाम समजूत. जुना न काढता मी वर नवा थर द्यायचो. घरघर वाढली की आणखी एक.

जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी वय विचारलं. सात वर्षं म्हटल्यावर तिला हातही न लावता म्हणाले, या वयात औषध देत नाहीत, पुढचं तुम्हाला कळतंच. घरी बायकोही वैतागली होती.

"तिचे हाल करून राह्यलात तुम्ही," ती म्हणाली. "सोडवा की आता तिला."

हाल हा शब्द मला लागला. तरी मन तयार होईना. ज्यानं जन्मभर कोंबड्या हाताळल्या त्यालाच विचारू, असं ठरवून मी तांबडीला पिशवीत घातलं आणि हमरस्त्यावरच्या चिकनच्या दुकानात गेलो. दुकानवाल्या चाचांना वाटलं, कापायला आणली. कापायची नाही, फक्त बघा, असं मी आधीच बजावलं. त्यांनी सुरी बाजूला ठेवली, चोच उघडून आत पाहिलं, मग पंख उचलून पिसांना नाक लावलं.

"हिला थंडी बिलकुल न्हाई," ते म्हणाले. "अंगाला बुरशीचा वास येऊन राह्यला. खाली काय टाकता तुम्ही?"

मी सांगितलं. मग त्यांनी मला शांतपणे समजावलं की दमट भुशाला बुरशी धरते आणि ती श्वासातून छातीत जाते. हिच्या छातीत बसलेलं आता निघणार नाही, बाकीच्या दोघींना तरी वाचवा, म्हणाले.

घरी येऊन खुराड्यात हात घातला. वरचा थर कोरडा होता. खाली कोपरापर्यंत हात गेला तेव्हा भुसा ओला, काळा आणि गरम लागला. कारखान्यात भिजलेल्या भुशाजवळ जाताना आम्ही नाकाला रुमाल बांधायचो, हे मला तेव्हा आठवलं. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती.

फावडं घेतलं आणि खुराडं जमिनीपर्यंत खरवडलं. चुना मारला, दोन दिवस उन्हात उघडं टाकलं, कोरडी वाळू पसरली. तांबडीला उडवत नाही म्हणून बसायची काठी वीतभर उंचीवर आणून बांधली. बाकीच्या दोघींच्या छातीतही बारीक घरघर सुरू झाली होती, त्या पंधरवड्यात सुधारल्या. तांबडी सुधारली नाही, पण गेलीही नाही. सकाळ-संध्याकाळ मी तिला भिजवलेली बाजरी तळहातावर देतो. ती एक दाणा टिपते, दम घेते, मग दुसरा. पाऊण तास जातो. बायको आता सोडवा म्हणत नाही, बाजरी भिजत घालते.

एका कोंबडीसाठी एवढं कशाला, असं लोक विचारतात. खरं कारण मी त्यांना सांगत नाही. तिचा श्वास माझ्या मायेनंच घालवला. तिला ते ठाऊक नाही. दम लागला की ती माझ्याच हातावर चोच टेकून थांबते, आणि ती आहे तोवर मी तो हात काढून घेणार नाही.